निबंधमाला कोणी वाचली, कोणी ऐकली आणि कोणाला लागली

(इंदापूर आणि बारामती येथे लागोपाठ दोन संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानांपैकी दुसऱ्या, म्हणजे बारामतीच्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



काल इंदापूरला याच विषयावर बोललो. विषय विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' आणि तिचे वाचक. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, चांगलं सांगितलंत. पण दीडशे वर्षांपूर्वीचं पुण्यातलं मासिक. ते आमच्या पणज्याने वाचलं असंल का?" सभागृहात हशा झाला. मीही हसलो. पण रात्री मुक्कामावर गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. एखाद्या नियतकालिकाचा इतिहास आपण लिहितो तेव्हा संपादक सांगतो, अंक सांगतो, गाजलेले निबंध सांगतो. ते वाचलं कोणी, आणि ज्याने वाचलं त्याला काय वाटलं, हे राहूनच जातं. म्हणून आजचं बोलणं मी त्या गृहस्थांच्या प्रश्नाभोवती नव्याने बांधलंय. काल जे आले होते त्यांना थोडं परत ऐकावं लागेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

थोडी माहिती. विष्णुशास्त्री जन्मले १८५० साली. वडील कृष्णशास्त्री, त्या काळातले मोठे विद्वान. मुलगा सरकारी शाळेत मास्तर. वयाच्या चोविसाव्या वर्षी, जानेवारी १८७४ मध्ये, त्याने 'निबंधमाला' नावाचं मासिक सुरू केलं. नोकरी सरकारची आणि लिहिणं सरकारला टोचणारं. बरं, हे मासिक म्हणजे आजच्यासारखं दहा लेखकांचं संमेलन नव्हे. जवळजवळ सगळं एकटाकी. सात वर्षांची माला, चौऱ्याऐंशी अंक. भाषांतर, इतिहास, वाचन, वक्तृत्व, लेखनशुद्धी, लोकभ्रम, गर्व, डॉ. जॉन्सनचं चरित्र, असे विषय. एकेक निबंध एका अंकात मावत नसे, पुढच्या अंकात चालू राही, कधी त्याच्याही पुढच्या. १८८२ च्या मार्चमध्ये शास्त्रीबुवा गेले. वय एकतीस. मधल्या काळात त्यांनी सरकारी नोकरी सोडली, न्यू इंग्लिश स्कूल काढलं, 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले, आर्यभूषण छापखाना, चित्रशाळा, किताबखाना. एवढ्या कमी वर्षांत हे सगळं कसं केलं कोण जाणे.

आता हा निबंधाचा अंक काढायचा प्रकार आला कुठून? हे सांगायला जरा लंडनला जावं लागेल, फार वेळ नाही घेत. १७११ साली ॲडिसन आणि स्टील या दोघांनी 'स्पेक्टेटर' नावाचं पत्र काढलं. रोज एक कागद, त्यावर एक निबंध. बातमी नाही. माणसं कशी वागतात, काय नेसतात, नाटकाला जाऊन काय बघतात, यावर लिहिलेलं. ॲडिसनने दहाव्याच अंकात हिशेब मांडला होता की रोज तीन हजार प्रती जातात, आणि एका प्रतीला वीस वाचक धरले तरी ते माफकच. एका प्रतीला वीस! हे वीस म्हणजे कोण? कॉफीच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ते. आपल्याकडे पारावर वर्तमानपत्र वाचतात तसंच. पुढे त्या कागदांची पुस्तकं झाली, आणि मग वाचायची रीत बदलली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी त्यातला निबंध वाचायचा, मुद्दे टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा आणि मग आठवून स्वतः तोच निबंध लिहून मूळाशी ताडून बघायचा. म्हणजे गप्पांसाठी काढलेला कागद त्याच्या हातात लिहिण्याचं व्यायामपुस्तक झाला. ॲडिसनच्या मागून डॉ. जॉन्सनने 'रॅम्बलर' काढलं. आणि हे सगळं शे-सव्वाशे वर्षांनी पुण्याच्या कॉलेजात इंग्रजीच्या तासाला आलं. चिपळूणकर बापलेकांनी तर जॉन्सनची 'रासेलस' ही कथा मराठीत आणली.

म्हणजे 'निबंधमाला' ही मुळात एका वाचकाची कृती आहे. परक्या भाषेतले निबंध वाचून एक मराठी मास्तर पेटला, आणि म्हणाला की हे आपल्या भाषेत का होऊ नये. त्याचा पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर आहे, हे उगाच नाही.

आता या बारामतीत येऊ.

बारामतीत 'निबंधमाला' बोलायला मला विशेष हुरूप आहे, त्याचं कारण मोरोपंत. कवी मोरोपंत जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली, पण आयुष्य काढलं ते इथे, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. पुराण सांगत, आर्या रचत. १७९४ मध्ये गेले. आता मोरोपंतांचा वाचक कोण होता? खरं सांगायचं तर वाचक असा फारसा नव्हताच. श्रोता होता. पुराणिक सांगायचा, कीर्तनकार मध्येच पंतांची आर्या फेकायचा आणि लोक माना डोलवायचे. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही पंतांच्या दोनचार आर्या कानावरून पाठ असायच्या. अर्थ पुरता कळायचा का? नसेल कळत. पण चाल कळायची, यमक कळायचं, आणि कुठे हात जोडायचे ते कळायचं.

मालेत 'मोरोपंतांची कविता' ही लांबलचक लेखमाला आली. कितीतरी अंक चालली. पंतांवरचा आक्षेप तुम्हाला माहीत आहे, आजही ऐकू येतो: यमकांचा सोस, संस्कृत शब्दांचा भरणा, समजायला कठीण. इंग्रजी शिकलेली नवी पिढी नाक मुरडू लागली होती. मालाकारांनी पंतांची बाजू घेतली, आणि ती भक्तीने हात जोडून घेतली नाही, वकिलासारखी घेतली. आक्षेप मांडायचा, उदाहरण घ्यायचं, उलटून बघायचं, दुसऱ्या कवीशी ताडायचं. कविता अशी तपासायची असते हे त्या तरुण वाचकांना नवीन होतं. जो कवी आजवर कानाने घेतला, तो आता डोळ्याने, पेन्सिल हातात घेऊन वाचायचा.

त्या काळात मालेचा अंक बारामतीला येणार तो कसा? रेल्वे दौंडवरून सोलापूरकडे गेली होती. बारामतीला आगगाडी यायला विसावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे दौंडपर्यंत गाडीने आणि पुढे टपालाच्या वाटेने. घेणार कोण? मास्तर, वकील, कचेरीतला कारकून, एखादा शास्त्री. अशा कोणा मास्तराने अंक उघडला आणि आपल्याच गावचा कवी त्यात दिसला, तर त्याला काय वाटलं असेल? मला वाटतं त्याची छाती फुगली असणार. आणि त्याच वेळी काहीतरी हातातून गेल्यासारखंही झालं असणार. कारण काल देवळात सगळ्यांचा असलेला कवी आज छापील कागदावर, वर्गणी भरणाऱ्याचा झाला. ही माझी कल्पना आहे, पण मालेतले ते निबंध वाचताना हे सतत जाणवत राहतं. तिथे पंत फार मोठे होतात, आणि आपल्यापासून जरा लांब जातात.

आता इंदापूरच्या आजोबांचा प्रश्न. आमच्या पणज्याने वाचली असेल का?

माला सुरू होऊन सोळा-सतरा महिने झाले होते. १२ मे १८७५. बाजाराचा दिवस. गाव सुपे. तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज तुमच्या बारामती तालुक्यात. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. दुकानं लुटली गेली, पण लोकांचा खरा डोळा होता तो खतांवर, रोख्यांवर, वह्यांवर. ते कागद बाहेर काढले आणि जाळले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला.

त्याची पार्श्वभूमी इंदापुरात आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातून. तीस वर्षांसाठी सारा ठरला. तीस वर्षं संपली, १८६७ साली फेरआकारणी झाली, सारा भरमसाट वाढला. त्याच सुमाराला कापसाचा भाव पडला. सारा रोखीत भरायचा, रोख सावकाराकडे. मग अंगठा आला.

मंडळी, या अंगठ्याकडे नीट बघा. सुप्याच्या शेतकऱ्याला छापील किंवा लिहिलेला कागद माहीत नव्हता असं नाही. चांगला माहीत होता. पण त्याच्यासाठी कागद म्हणजे वाचायची वस्तू नव्हती. दुसऱ्याने वाचून दाखवायची आणि आपण अंगठा उठवायची वस्तू होती. त्या कागदात काय आहे हे त्याला कळत नसे, त्याचे परिणाम मात्र त्याच्या रानावर होत. म्हणून त्याने तो जाळला. त्याच महिन्यांत, इथून पन्नास-साठ मैलांवर, पुण्यात एक तरुण शास्त्री शुद्ध मराठी कसं लिहावं यावर तळमळीने लिहीत होता. मालेतल्या निबंधांच्या नावांची यादी तुम्ही वरून खाली वाचत या. सुपे त्यात कुठे भेटत नाही.

(श्रोत्यांतून: म्हणजे चिपळूणकर दोषी?)

नाही हो, दोषी-निर्दोषी ठरवायला मी इथे उभा नाही. आणि एक गोष्ट विसरू नका, मोरोपंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक हेही सावकार घराण्यातलेच होते, पेशव्यांना कर्ज देणाऱ्यांतले. कविता आणि कर्ज इथे शेजारीशेजारीच नांदले आहेत. मी एवढंच म्हणतो की 'वाचक' हा शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा तो सगळ्यांना पुरत नाही.

हे ज्याला सर्वांत आधी कळलं तो माणूसही पुण्यातच होता. जोतीराव फुले. 'गुलामगिरी' १८७३ चं, सत्यशोधक समाज त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. मालेपेक्षा चार महिन्यांनी मोठा. मालाकारांनी या दोन्हींचा मालेत समाचार घेतला. उपरोध हे त्यांचं आवडतं हत्यार, आणि ते इथे त्यांनी पूर्ण ताकदीने चालवलं. चालवलं कशावर? विचारांवर तर होतंच, पण मोठ्या प्रमाणात भाषेवर. जोतीरावांचं व्याकरण, त्यांचं शुद्धलेखन, त्यांची वाक्यं. म्हणजे आधी 'लेखनशुद्धी' वर निबंध लिहायचा, आणि मग त्याच फूटपट्टीने समोरच्याला मारायचं. मालेतल्या सगळ्या लेखनात मला हा भाग सगळ्यात दुबळा वाटतो. एरवी मुद्द्याला मुद्दा भिडवणारा माणूस इथे वेलांट्या मोजत बसला.

जोतीरावांनी काय केलं? त्यांनी वेगळा वाचक शोधला. 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण झाला १८८३ मध्ये. छापायच्या आधी त्यांनी तो मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला, आणि हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलंय. म्हणजे अक्षर न येणाऱ्याकडे पुस्तक पोचवायची जुनी पुराणिकाचीच रीत, पण पुराणाच्या जागी शेतसारा आणि कर्ज. आणि पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा जोतीराव गेले नाहीत. पत्र पाठवलं. त्या पत्राचा आशय असा की ज्या सभा आणि ग्रंथ आमच्या लोकांच्या हक्काबद्दल बोलत नाहीत, त्यांच्याशी आमचा मेळ कसा बसणार. मग इंदापूरच्या आजोबांचा पणजा? त्याने 'माला' वाचली नसणार, हे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. 'असूड' त्याच्या कानावर पडला असेल, तर नवल नाही.

पण हे इथेच सोडलं तर मालेवर अन्याय होईल. कारण ज्यांच्या हातात ती पडली त्यांच्यावर तिने जे केलं ते साधं नव्हतं. १८७९ मध्ये टिळक आणि आगरकर शास्त्रीबुवांना जाऊन मिळाले. दोघेही विशी-पंचविशीतले. दोघांनी त्यांच्याबरोबर शाळा उभी केली, पत्रं चालवली. आणि गंमत बघा, एकाच मुशीतले दोघे दोन दिशांना गेले. टिळकांनी मालेतला स्वाभिमान उचलला आणि त्याचं राजकारण केलं. आगरकरांनी मालेतली तर्काची धार उचलली, पण १८८८ साली 'सुधारक' काढून ती धार चालवली ती ज्या चालीरीती मालाकार सांभाळू पाहत होते त्यांच्यावरच. मते टाकली, निबंध ठेवला. मला हा सगळ्यात खरा वाचक वाटतो.

तिसरा वाचक हरिभाऊ आपटे. कादंबरीकार हरिभाऊ, तेव्हा शाळकरी पोरगा, न्यू इंग्लिश स्कूलचा. शास्त्रीबुवा गेले तेव्हा त्याने 'शिष्यजनविलाप' नावाची कविता लिहिली. एका मासिकाच्या संपादकासाठी विद्यार्थी विलाप लिहितो, यावरून ओळखा. इतिहासाचार्य राजवाड्यांनीही आपल्या शिक्षणाच्या आठवणी सांगताना मालेचं ऋण मानलं आहे. या पोरांना शाळेत मराठी दुय्यम होती, कॉलेजात तर नव्हतीच म्हणा. आपल्या भाषेत कोणीतरी इंग्रजाच्या तोडीचा युक्तिवाद करतोय, चिडतोय, टोमणे मारतोय, हे वाचून त्यांना पहिल्यांदा मराठीची लाज वाटायची थांबली. हे काम लहान नाही. आज इंग्रजी माध्यमातल्या तुमच्या नातवाला विचारा, म्हणजे किती मोठं ते कळेल.

पुढे सरकारही वाचक झालं. मालेचा शेवटचा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. देश खालावला तो आपल्या लोकांच्या दोषांमुळे, असं साहेब आणि काही सुधारक म्हणत. मालाकार म्हणाले, परवशता हेच मूळ. निबंध लिहिला तेव्हा सरकारने काही केलं नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, १९१० मध्ये, तो जप्त झाला. लेखक जाऊन अठ्ठावीस वर्षं झालेली! तोपर्यंत टिळक मंडालेला गेले होते, शिवरामपंत परांजप्यांचं 'काळ' बंद पडलं होतं, आणि सरकार मागे वळून वळून बघत होतं की हे सगळं सुरू कुठून झालं. १९३७ साली मुंबई प्रांतात खेरांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा बंदी उठली. मधल्या सत्तावीस वर्षांत जे शाळा-कॉलेजात शिकले त्यांना राजरोस जी 'निबंधमाला' मिळाली ती शेवट नसलेली. भाषा, कविता, जॉन्सन, हे सगळं ठीक; पण हे सगळं ज्या जागी येऊन पोचत होतं तेच पान नाही. त्यांना ती नुसती 'साहित्य' वाटली असेल तर दोष त्यांचा नाही.

आणि मग पाठ्यपुस्तकांचं युग. वेचे. नमुनेदार दोन पानं, खाली शब्दार्थ, त्याखाली प्रश्न: 'लेखकाच्या शैलीचे विशेष लिहा'. मीही तसंच शिकलो आणि बरीच वर्षं तसंच शिकवलं. भारदस्त, ओजस्वी, उपरोधपूर्ण, ही तीन विशेषणं लिहिली की पाच मार्कांपैकी साडेतीन नक्की.

१९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' निघालं. तोवर जोतीरावांचं लेखन मिळवायचं म्हणजे शोधाशोध होती. आता ते एका पुस्तकात हातात आलं, आणि खेड्यातून कॉलेजला आलेल्या पहिल्या पिढीच्या पोरांनी ते वाचलं. मग ती पोरं मालेकडे वळली, पण उलट्या बाजूने. आधी 'असूड', मग 'माला'. मी एकदा वर्गात मालेतला जोतीरावांवरचा भाग वाचत होतो. मुलं हसत होती, कारण तो लिहिलाच आहे तसा, हसू येतंच. भिगवणकडून एसटीने येणारी एक मुलगी मात्र हसली नाही. तास संपल्यावर आली आणि म्हणाली, "सर, माझ्या वहीत तुम्ही लाल पेनाने गोल करता ना, ते मला आठवलं." मी काय बोलणार! त्यानंतर मी वह्या तपासणं बंद केलं नाही, ऱ्हस्वदीर्घ सांगणंही बंद केलं नाही, मराठीचा मास्तर आहे मी. पण आधी मुलीने काय म्हटलंय ते वाचायचं आणि मग गोल करायचे, एवढा क्रम बदलला.

त्याच मुलीने पुढे मालेतला 'वाचन' हा निबंध घरी नेला आणि आवडला म्हणून सांगितलं. जोतीरावांवरच्या टीकेने दुखावलेलीच ती, आणि त्याच लेखकाच्या दुसऱ्या निबंधावर खूश झालेलीही तीच. दोन्ही खरं.

तर आजोबांना आज मी काय उत्तर देऊ? ते आज इथे आलेत, मला दिसतायत, चौथ्या रांगेत. आजोबा, पणज्याने वाचली नसंल. तुमच्या नातीने वाचली तर ती तिच्या पद्धतीने वाचेल, आणि मालाकारांना ती आवडेलच असं नाही.

मालेची जाड प्रत इथे टेबलावर ठेवली आहे, शेवटच्या निबंधासकट. शेजारी 'असूड' आहे. चहा होईपर्यंत चाळा, पानं जुनी आहेत, जरा जपून. आणि ज्यांना मोरोपंतांच्या आर्या कोणाकडून तरी ऐकून पाठ आहेत त्यांनी प्रश्नोत्तराच्या आधी हात वर करा. मला त्या चालीवर ऐकायच्या आहेत, कारण ते काही मालेत सापडत नाही.